तिच्या हातचा रंग

एअरब्रश आमच्या घरी आला तो माझ्या चुलतभावाच्या बॅगेतून. तो इंग्लंडला नर्सिंगच्या नोकरीला गेला होता आणि ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला एकदा सुट्टीवर आला तेव्हा त्याने मला ती पेनाएवढी वस्तू दिली. पुढे बारीक सुई, वर बोटाने दाबायची कळ, खाली रंगाची छोटी बाटली, मागे हवेची नळी. कळ दाबली की हवा सुटायची आणि तिच्याबरोबर रंग धुक्यासारखा बाहेर पडायचा. सोबत विमानांचे दोन प्लॅस्टिकचे संच होते आणि अ‍ॅक्रिलिक रंगाच्या सात-आठ बाटल्या.

मी तेव्हा आमच्या बेटाच्या राजधानीत, पोर्ट लुईच्या एका सरकारी कचेरीत नकाशे काढायचो. आमच्या फिनिक्स गावाहून सकाळी बसने जायचं, संध्याकाळी बसने परत. माझा हात साफ आहे असं कचेरीत सगळे म्हणायचे आणि मलाही ते पूर्ण पटलेलं होतं. शाळेत असल्यापासून मी होड्या आणि विमानं बनवत होतो, पण रंग ब्रशने द्यायचो. जवळून पाहिलं की ब्रशचे ओरखडे दिसायचे. आता ते दिसणार नव्हते.

हवेसाठी कॉम्प्रेसर लागतो, तो आमच्याकडे कुठला असणार? मी मोटारीचं एक जुनं चाक मिळवलं. सायकलच्या मागे बांधून ते पेट्रोल पंपावर न्यायचं, गच्च हवा भरून आणायची आणि त्याला नळी जोडायची. एका चाकात विमानाचे दोन पंख रंगून व्हायचे. निदान तसा माझा हिशेब होता. प्रत्यक्षात महिनाभर एकही पंख धड रंगला नाही. रंग घट्ट राहिला की सुईच्या टोकाशी वाळून बसायचा आणि मग एकदम थुंकल्यासारखा बाहेर यायचा. पातळ केला की प्लॅस्टिकवर त्याचे थेंब जमायचे आणि हवेच्या झोताने कोळ्याच्या पायांसारखे चहूकडे पळायचे. मी पंख धुवायचो, पुन्हा चाक घेऊन पंपावर जायचो.

बाटल्या धुवायचं काम बायकोकडे होतं. लग्नाला तेव्हा दोनेक वर्षं झाली होती. ती त्रियोले गावची, वडील उसाच्या मळ्यात कामाला, घरी तीन गाई. एका शनिवारी मोरीपाशी बाटली विसळता विसळता तिने विचारलं, "अहो, रंगांबरोबर आलेल्या त्या कागदावर काय लिहिलंय?"

"दुधासारखा पातळ करा, असं लिहिलंय."

"कुठल्या दुधासारखा?"

"कुठल्या म्हणजे? दूध म्हणजे दूध."

"असं कसं? धार काढल्या काढल्या असतं ते वेगळं, साय काढलेलं वेगळं. आणि आपला दूधवाला सायकलवरून आणतो ते तर निम्मं दिलोच." दिलो म्हणजे पाणी. बोलता बोलता ती अशी इथल्या क्रिओल बोलीत जायची.

मी हसलो आणि म्हणालो, "तू बाटल्या धू."

पुढचा आठवडा मी कचेरीत असताना ती काय करत होती ते मला नंतर कळलं. खिडकीच्या फुटक्या काचेचा तुकडा घेऊन ती त्यावर रंगाचे थेंब सोडत बसायची. आधी नळाचं पाणी, मग पत्र्यावरून धरलेलं पावसाचं पाणी उकळून. त्यात औषधाच्या दुकानातलं स्पिरिट. फिनिक्सच्या हिवाळ्यात ओठ फुटतात म्हणून माझी आई ग्लिसरीन आणून ठेवायची, त्याचेही एक-दोन थेंब. रंग बाटलीत हलवायचा, बाटली तिरकी करून सरळ करायची आणि आतल्या काचेवरून रंग खाली कसा उतरतो ते पाहायचं. जाड पडदा राहिला तर अजून पातळ, काहीच राहिलं नाही तर जास्त झालं. शेवटी नायलॉनच्या जुन्या साडीच्या तुकड्यातून गाळायचं.

शनिवारी तिने माझ्यापुढे एक बाटली ठेवली. "हा घालून बघा."

मी कळ दाबली. राखाडी रंग पंखावर असा बसला की जणू तो पंख जन्मतःच त्या रंगाचा होता. थेंब नाही, ओघळ नाही, खरखर नाही. मी दुसरा पंख रंगवला, शेपूट रंगवली. आनंद झाला, खोटं कशाला सांगू. पण चाकातली हवा संपली, मी मान वर केली, आणि ती शेजारी उभी राहून विमानाकडे नाही तर माझ्याकडे पाहत होती. मी काय म्हणतो त्याची वाट पाहत. मी म्हणालो, "आज हवा चांगली भरली होती."

त्यानंतर रंग तीच करायची आणि फवारायचो मी. लोक यायचे, विमान हातात घ्यायचे, म्हणायचे, काय हात आहे हो तुमचा! मी मान हलवायचो. ती आतून चहा आणायची. एकदाही मी म्हणालो नाही की रंग हिने केलाय. एकदाही तिनेही सांगितलं नाही.

त्यातलं एक विमान मी ओळखीच्या फोटो स्टुडिओच्या काचेत ठेवायला दिलं होतं. ते पाहून एके दिवशी एक गृहस्थ घरी आले. दोन गल्ल्या सोडून त्यांचा जहाजांच्या प्रतिकृतींचा कारखाना होता. हातभर लांबीची लाकडी शिडाची जहाजं, दोऱ्या-बिऱ्यांसकट, परदेशी जायची. कारखान्यातले लोक त्यांना नुसतं मिस्ये, म्हणजे साहेब, म्हणायचे, आम्हीही तेच म्हणू लागलो. त्यांना जहाजांच्या खालच्या अंगाला ब्रशशिवाय गुळगुळीत रंग हवा होता आणि त्यांच्याकडच्या कोणाला तो जमत नव्हता. कॉम्प्रेसर मात्र त्यांच्याकडे होता.

त्यांनी क्रिओलमध्ये विचारलं, "त्या विमानाचा रंग कोणी तयार केला?"

"मी," मी म्हणालो.

बायको चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं, ट्रे टेबलावर ठेवला आणि मिस्येंना विचारलं, "साखर किती घालू?"

पुढच्या शनिवारी त्यांनी मला कारखान्यात बोलावलं. तिने केलेली एक बाटली मी खिशात घालून नेली. कशासाठी ते तिला सांगितलं नाही. सात-आठ बायका आणि दोन सुतार काम थांबवून भोवती उभे राहिले. मी एका जहाजाची एक बाजू फवारली. मिस्ये "बोन, बोन", छान, छान, करत होते. पण जहाज म्हणजे विमानाचा पंख नव्हे. दुसऱ्या बाजूच्या मध्यावर बाटली तळाशी आली. आता सगळ्यांसमोर नवा रंग पातळ करायचा होता. तिचं बघून बघून मला सगळं माहीत होतं. पाणी, स्पिरिट, ग्लिसरीन. मी मोठ्या ऐटीत मिसळलं, बाटली तिरकी केली, सरळ केली, आणि फवारलं. निळ्या रंगाचे कोळी जहाजभर पळाले.

कोणी हसलं नाही. एक वयस्क बाई, जिला सगळे तांतीन म्हणजे मावशी म्हणायचे, हातातलं फडकं घेऊन पुढे आली आणि पुसू लागली. मिस्ये म्हणाले, "आज हवा दमट आहे."

घरी आल्यावर बायकोने विचारलं, "कुठे गेला होतात?"

"कामाला."

दुसऱ्या दिवशी रविवारी मिस्ये पुन्हा आले. हातात माझी रिकामी बाटली. तळाशी थेंबभर रंग. ते म्हणाले, "यातला रंग उत्तम बसला. तुम्ही माझ्यासमोर केलात तो नाही. मग हा कोणी केला?"

मी बाटली घ्यायला हात पुढे केला तेवढ्यात डाळ निवडत बसलेली माझी आई म्हणाली, "आयो, ती करते. हा नुसता फू फू करतो."

मिस्ये हसले. बायको हसली नाही. माझे कान तापले ते मला आजही आठवतं.

मिस्येंनी तिला तिथेच काम देऊ केलं. मी नाही म्हणालो. सरकारी नोकराची बायको कारखान्यात जाते म्हटल्यावर लोक काय म्हणतील, हे कारण मी पुढे केलं. आईने ते दोन वाक्यांत मोडून काढलं. "निम्म्या फिनिक्सच्या पोरी स्वेटरच्या कारखान्यात जातात. लोकांना बोलायला वेळ आहे कुठे?" तरी मी तीन आठवडे ताणलं. शेवटी बायको म्हणाली, "तुम्हाला खरंच नको असेल तर नाही जात. पण कारण खरं सांगा." खरं कारण मी सांगू शकत नव्हतो. ती जाऊ लागली.

कारखान्यात रंगाची एक वेगळी खोली होती. वर्षभरात ती खोली तिची झाली. फवारायलाही ती शिकली आणि माझ्यापेक्षा सफाईने फवारू लागली. बायका तिला मादाम लापेंतीर म्हणू लागल्या, रंगवाल्या मॅडम. संध्याकाळी घरी यायची तेव्हा तिच्या हातांना स्पिरिटचा वास असायचा आणि तोंडात कारखान्याच्या गोष्टी. आज पाहुणे आले होते, त्यांनी जहाजावरून बोट फिरवलं आणि विचारलं, ही लाखेची झिलई आहे का! मी पेपर वाचायचो. एकदा बसमध्ये शेजारच्या माणसाने मला विचारलं, "तुम्ही त्या रंगवाल्या मॅडमचे मिस्टर ना?" पोर्ट लुई येईपर्यंत मी त्याच्याशी बोललो नाही.

ती घरी नसताना मी चोरून प्रयत्न करायचो. तिने काहीही लपवलेलं नव्हतं. विचारलं की थेंब न् थेंब सांगायची. ऊन असेल तर पाणी थोडं जास्त आणि ग्लिसरीन, म्हणजे रंग वाटेतच वाळून भुकटी होत नाही. झिमझिम असेल तर स्पिरिट जास्त, ग्लिसरीन अजिबात नाही, नाहीतर रंग वाळतच नाही. मी तसंच करायचो आणि तसं व्हायचं नाही. तिने लपवलं असतं तर मला बरं वाटलं असतं. तक्रारीला जागा तरी राहिली असती.

ऑगस्टमध्ये तिच्या बहिणीचं बाळंतपण निघालं आणि ती आठवडाभर त्रियोलेला गेली. कारखान्यात तेव्हा सहा जहाजांची मोठी मागणी होती आणि फवारण्याचं काम तिने तांतीनला शिकवलं होतं. रंग मात्र स्वतःच करून ठेवला. दोन मोठ्या बाटल्या. निघताना मला म्हणाली, "तांतीन शनिवारी येईल. लाल दोऱ्याची बाटली उन्हाची, पांढऱ्या दोऱ्याची झिमझिमीची. त्या दिवशी जसं असेल तशी द्या. लक्षात राहील ना?"

"न राहायला काय झालं?"

शनिवारी सकाळी समोरचं घर दिसत नव्हतं इतकी दाट झिमझिम होती. वारा गार. तांतीन डोक्यावर प्लॅस्टिकची पिशवी धरून दारात आली. म्हणाली, "साहेब, मादामने कुठली द्यायला सांगितलीय?"

माझा गोंधळ झाला नव्हता. मी विसरलो नव्हतो. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो आहे, कारण पुढे मी काही काळ स्वतःला तसं सांगून पाहिलं. मी कपाट उघडलं, दोन्ही दोरे पाहिले आणि लाल दोऱ्याची बाटली तिच्या हातात दिली. ती आभार मानत म्हणाली, "मेर्सी," आणि बाटली पदराखाली धरून पावसात निघून गेली.

दार लावलं तेव्हा मला काय वाटलं? बरं वाटलं. तासभर. मग जेवताना आईने विचारलं की तुला बरं नाही का, आणि मी ताट सरकवलं. संध्याकाळी एकदा वाटलं, जावं, सांगावं. गेलो नाही.

ती बुधवारी परत आली, गुरुवारी कामावर गेली. मी कचेरीतून आलो तेव्हा ती स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसली होती, बाहेरची साडी तशीच. आई शेजारी गेली होती.

"सहाच्या सहा गेली," ती म्हणाली. "पाच दिवस झाले तरी रंग चिकट आहे. ओघळ आलेत. वर भुसा बसलाय."

मी बूट काढत होतो.

"शनिवारी इथे झिमझिम होती. तांतीनने सांगितलं."

"असेल."

"तुम्ही लाल दिलीत."

"तू सांगितलंस त्यात माझा गोंधळ..."

"नाही," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "तुम्ही नकाशे काढता. तुम्हाला लाल-पांढऱ्यात गोंधळ होत नाही."

मी दुसऱ्या बुटाची नाडी सोडू लागलो. ती म्हणाली, "आता कामावर जाऊ नको म्हणाला असतात तर मी भांडले असते. रडले असते. पण मला कळलं असतं की तुम्ही समोर आहात. हे काय केलंत तुम्ही?"

"मिस्येंना काय सांगितलंस?" मी विचारलं. बघा, मला तेव्हाही तेच विचारावंसं वाटलं.

"दोरे मीच उलटे बांधले म्हणून सांगितलं."

मिस्ये तिला पहिल्यांदाच सगळ्यांसमोर बोलले. रंगाची खोली तिच्याकडून काढून घेतली आणि ती सहा जहाजं घासायला तिलाच बसवलं. ओल्या पॉलिश पेपरने, फळीच्या फटींतला रंग काडीने काढत. रोज संध्याकाळी ती यायची तेव्हा बोटांची टोकं सोललेली असायची. ती माझ्यासमोर पोळ्या लाटायची आणि पीठ लागलं की हात झटकायची. मी म्हणालो, मी लाटतो. ती म्हणाली, "राहू द्या."

दहा दिवस मी हे पाहिलं. अकराव्या दिवशी कचेरीत रजा टाकून मी कारखान्यात गेलो. मिस्येंना बाजूला घ्यावं असं ठरवलं होतं, पण ते जिथे उभे होते तिथेच माझ्या तोंडून निघालं. बायका कामाला होत्या, तांतीन होती, कोपऱ्यात जहाज मांडीवर घेऊन माझी बायको होती. मी म्हणालो, "दोरे बरोबर होते. बाटली मी चुकीची दिली. माहीत असून दिली."

मिस्येंनी डोळे बारीक केले. "का?"

"माझ्यापेक्षा हिला चांगलं जमतं म्हणून."

कोणीतरी "आयो" म्हणालं. मिस्ये आत गेले. बायकोने मान वर केली नाही, तिचा पॉलिश पेपर चालत राहिला.

मला वाटलं होतं, आता तरी ती मोकळी होईल. घरी आली ती संतापलेली. "मी झाकलं होतं ना? माझी चूक म्हणून झाकलं होतं. मिस्ये महिनाभर बोलले असते आणि विसरले असते. आता त्या बायका मला मादाम लापेंतीर म्हणतील आणि मनात म्हणतील, बिचारी, हिचा नवरा असला. तुम्हाला हलकं वाटायला हवं होतं म्हणून तुम्ही आलात!"

ते खरं होतं. आणि हलकंही वाटलं नव्हतं.

खोली तिला आठवड्याभरात परत मिळाली. घरी मात्र तिने रंगाविषयी बोलणं बंद केलं. पाहुणे कोण आले, काय म्हणाले, नवी जहाजं कुठे गेली, काहीच नाही. वर्ष-सव्वा वर्ष मला तिच्या कामाची बातमी बसमधल्या लोकांकडून कळायची. मी विचारलं तर म्हणायची, "चाललंय." पेपरमागे लपून ज्या गोष्टी मी नाइलाजाने ऐकायचो त्यांची मला इतकी सवय झालेली होती हे मला तेव्हा कळलं.

मग आम्हाला मुलगी झाली, घरात दुसरं बोलायला आलं, आणि त्याच्या आडून थोडं थोडं तेही परत आलं. एका रविवारी ती स्वतःहून म्हणाली की नव्या लाल रंगाने तिचा जीव खाल्लाय, काही केलं तरी दुधासारखा फाटतो. मी श्वास रोखून ऐकलं. मत दिलं नाही. बऱ्याच दिवसांनी मी तिला म्हणालो, मला नीट शिकव. तिने शिकवलं, समोर उभं राहून, जसं तांतीनला शिकवलं होतं तसं. "घाई करताय," ती म्हणायची. "बाटलीकडे बघा, माझ्याकडे नको." माझा रंग कामचलाऊ होऊ लागला. तिच्यासारखा झाला नाही.

ती त्या कारखान्यात पुष्कळ वर्षं राहिली आणि तिच्या हाताखालून कितीतरी बायका तयार झाल्या. अजूनही त्यातल्या कोणी नवा रंग घेऊन घरी येतात आणि दारात मला विचारतात, मादाम आहेत का? मी तिला हाक मारतो, पाहुणीला खुर्ची देतो. मनात ते जुनं काहीतरी किंचित टोचतं, आजही. मी चहा टाकायला आत जातो आणि तो उकळेपर्यंत ते निघून जातं.